बाळाच्या हिरड्या आणि दुधाचे दात: काळजी कधीपासून आणि कशी घ्यायची?

जाईजुई

लेक सात महिन्यांची झाली. खालच्या हिरडीवर पांढरी कड दिसायला लागली आहे, बोट फिरवलं की टोचते. लाळ इतकी गळते की एक लाळेरं वाळेपर्यंत दुसरं भिजलेलं असतं. हनुवटीवर लाल पुरळ उठलंय. हाताला लागेल ते तोंडात जातं. रात्री दूध पिता पिताच झोपते, त्यामुळे त्यानंतर तोंड पुसायचं म्हणजे झोपमोड.

घरात ज्याचं त्याचं वेगळं मत. ‘दुधाचे दात पडणारच आहेत, त्यांचं एवढं काय’ असं निम्मं घर म्हणतं. उरलेल्यांना आजच ब्रश आणि पेस्ट आणायची आहे. एका मैत्रिणीने हिरड्या बधिर करायची जेल सुचवली आहे. डॉक्टरांना विचारावं तर लसीच्या दिवशी बाळाचं रडणं सांभाळण्यातच सगळा वेळ जातो. म्हणून हा धागा काढतेय. दात येण्याआधी हिरड्या पुसायच्या का, पेस्ट कधीपासून, जेल लावू की नको, रात्रीच्या दुधाचं काय? ज्यांची मुलं नुकतीच यातून गेली आहेत त्यांनी लिहाच, आणि कुणी दंतवैद्य असतील तर फारच बरं.

मौक्तिक

मी लहान मुलांच्या दातांचीच डॉक्टर आहे. ‘पडणारच आहेत’ यापासून सुरुवात करते, कारण हे वाक्य मी रोज ऐकते आणि त्यापायी झालेलं नुकसानही रोज बघते.

दुधाचे दात एकूण २०. पुढचे पटाशीचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे मूल शाळेतली कितीतरी वर्षं त्याच दाढांनी चावतं. शिवाय प्रत्येक दुधाचा दात खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा राखून असतो. कीड लागून दाढ वेळेआधी काढावी लागली की तिच्या मागची दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताला नीट यायला जागाच उरत नाही. मुळाशी पू झाला तर खाली घडत असलेल्या कायमच्या दाताच्या एनॅमललाही, म्हणजे वरच्या कठीण थराला, इजा होऊ शकते. आणि दुखणं दुधाच्या दाताचं आहे म्हणून कमी नसतं. दाढ ठणकणारं दीड-दोन वर्षांचं मूल ‘दुखतंय’ असं सांगत नाही. ते फक्त घास तोंडात धरून बसतं, एकाच बाजूने चावतं, रात्री उठून रडतं. घरच्यांना वाटतं, जेवायचे नखरे आहेत.

आता हिरड्या पुसण्याचं. दात नसलेल्या तोंडात कीड लागत नाही, त्यामुळे हिरड्या पुसायच्या राहिल्या म्हणून कुणी घाबरून जाऊ नये. तरी मी पुसायला सांगते. आंघोळीनंतर बोटाला स्वच्छ, मऊ, ओलं कापड गुंडाळून वरची-खालची हिरडी आणि गालांची आतली बाजू हलकेच पुसायची. बाळाला तोंडात कुणाचं तरी बोट जाण्याची सवय होते आणि पुढे ब्रश परका वाटत नाही. दुसरं म्हणजे, तुम्हाला रोज त्या तोंडात डोकवायची सवय लागते, आणि पुढची तीन वर्षं तीच सवय सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

दात दिसला की त्या दिवसापासून ब्रश, दिवसातून दोनदा. आणि पहिला वाढदिवस व्हायच्या आत एकदा दंतवैद्याकडे दाखवून आणा, दुखत नसलं तरी. त्या भेटीत बहुतेक वेळा काही उपचार नसतात, आईवडिलांशी बोलणंच जास्त असतं.

रातकिडा

आमच्याकडे मुलाला दात येताना ताप, जुलाब, रडारड सगळं झालं. सगळ्यांनी सांगितलं ‘दातांचं आहे, होतंच’. दात येण्याने ताप येतो हे कितपत खरं?

ओलीमाती

@रातकिडा, मी मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे आणि याच विषयावर मी सगळ्यात जास्त बोलते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दात येताना हिरडी सुजते, लाळ वाढते, बाळ किरकिरतं, झोप तुटक होते, खाणं थोडं कमी होतं. अंग किंचित कोमटही लागतं. पण ३८ अंश सेल्सियसच्या वरचा ताप दातांमुळे येत नाही. पाण्यासारखे जुलाब दातांमुळे होत नाहीत. उलट्या, धाप, अंगभर पुरळ, हेही नाही. मग दोन्ही एकदमच का दिसतं? साधारण सहाव्या महिन्यानंतर आईकडून गर्भात मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत आलेली असते, आणि नेमकं त्याच सुमारास बाळ रांगायला लागतं आणि जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. त्यामुळे छोटे-मोठे संसर्ग आणि पहिले दात यांची वेळ एकच पडते. पहिल्या दातापासून शेवटच्या दाढेपर्यंत दोन वर्षं कुठला ना कुठला दात येतच असतो, त्यामुळे कुठल्याही आजाराला दाताचं कारण सहज चिकटवता येतं.

धोका त्यातच आहे. कानाचा संसर्ग, लघवीचा संसर्ग घेऊन बाळं आमच्याकडे येतात तेव्हा घरचे सांगतात, ‘आम्हाला वाटलं दातांचं आहे, म्हणून थांबलो.’ कानाकडे हात नेणारं बाळ दातामुळेही तसं करतं, पण सोबत ताप असेल तर कान तपासायलाच हवा. लघवीच्या संसर्गात तर बऱ्याचदा तापाखेरीज काही दिसतही नाही. बाळ दूध ओढेनासं झालं, लघवी कमी झाली, मलूल पडलं तर दात येतोय की नाही हे बघत बसू नका.

हा गैरसमज फार जुना आहे. युरोपात काही शतकं ‘दात येणे’ हे मृत्यूचं कारण म्हणून नोंदवलं जायचं आणि डॉक्टर हिरड्यांवर चिरा द्यायचे. ब्रिटनमध्ये दात येणाऱ्या बाळांना द्यायच्या पावडरीत पारा असायचा. त्या पाऱ्याने हातपाय गुलाबी पडून सोलवटायचे आणि काही बाळं दगावलीसुद्धा. १९५० च्या दशकात त्या पावडरी बाजारातून गेल्या आणि हळूहळू तो आजारच दिसेनासा झाला. म्हणून दातांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कुठल्याही वस्तूकडे मी संशयानेच बघते.

जाईजुई

@ओलीमाती, अंगावर काटा आला वाचून. मग जेलचं काय? आणि तिला आराम मिळावा म्हणून मी करू तरी काय?

ओलीमाती

जेल नको. बधिर करणाऱ्या जेलमध्ये बहुधा बेन्झोकेन किंवा लिडोकेन असतं. बेन्झोकेनमुळे क्वचित रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकदच कमी होते, बाळ निळं-राखाडी पडतं, आणि ते काही मिनिटांत होऊ शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना दात येताना ते लावू नका असं स्पष्ट सांगितलं. लिडोकेनबद्दल त्यांचा कडक इशारा २०१४ चा आहे. ते गिळलं गेलं तर झटके येऊ शकतात, हृदयावर परिणाम होऊ शकतो. मुळात लाळेने जेल काही क्षणांत धुऊनच जाते, मग आपण पुन्हा लावतो, आणि असा डोस वाढत जातो. दातांसाठी गळ्यात घालायच्या मण्यांच्या माळाही नकोत. झोपेत गळा आवळला जाण्याचा आणि मणी तुटून घशात अडकण्याचा धोका असतो.

काय करायचं ते अगदी साधं आहे. हात धुऊन बोटाने सुजलेल्या हिरडीवर थोडा दाब देत चोळा. पहिले काही क्षण बाळ नाखूश असतं, मग स्वतःच बोट धरून दाबून घेतं. ओलं स्वच्छ कापड फ्रीजमध्ये गार करून चावायला द्या. टीथर एकसंध रबराचा घ्या, आत पाणी किंवा द्राव भरलेला नको, कारण तो फुटतो. आणि टीथर फ्रीजरमध्ये ठेवू नका, बर्फासारखा कडक झाला की हिरडी दुखावते. फारच बेचैन असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, पण मात्रा तुमच्या डॉक्टरांना विचारून.

पुरळासाठी हनुवटी घासून पुसू नका, टिपून घ्या. झोपायच्या आधी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा, म्हणजे लाळ कातडीला लागत नाही.

कुंपण

पेस्टबद्दल विचारतो. बाळाला थुंकता येत नाही, म्हणजे लावलेली पेस्ट पोटातच जाणार. मग फ्लोराइडवाली पेस्ट द्यायचीच कशाला? आम्ही मुलीला फ्लोराइड नसलेली देतो. पॅकवर ‘गिळली तरी सुरक्षित’ लिहिलेलं असतं, निदान जीव तरी थाऱ्यावर राहतो.

मौक्तिक

@कुंपण, तुमची काळजी रास्त आहे. पण उत्तर मात्रेत आहे, म्हणून हिशोबच मांडते.

१००० पीपीएमच्या पेस्टमध्ये एका ग्रॅमला एक मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट लावायची. ती साधारण ०.१ ग्रॅम भरते, म्हणजे फ्लोराइड ०.१ मिलिग्रॅम. सगळी गिळली तरी एवढंच पोटात जातं. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पट्टी दाखवतात ती याच्या कितीतरी पट असते, आणि ती चिमुकल्याला कधीच लावायची नाही. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी, तीही मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने काढून द्यायची.

जास्त फ्लोराइड सतत पोटात गेलं तर हिरडीखाली घडत असलेल्या कायमच्या दातांवर पांढुरके चट्टे येतात, हे खरं आहे. म्हणून ट्यूब मुलाच्या हाती लागेल अशी ठेवायची नाही. तुमच्या पिण्याच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त असेल तर आधी दंतवैद्याशी बोला. पण तशी परिस्थिती नसेल तर फ्लोराइड टाळून तुम्ही दाताचं संरक्षणच काढून घेता. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. दाताभोवती आम्लता वाढून पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दातातली खनिजं विरघळायला लागतात. मग लाळ हळूहळू ती परत भरते. फ्लोराइड हे भरणं वाढवतं आणि भरलेला थर आम्लाला जास्त टिकतो. फ्लोराइड नसलेल्या पेस्टने दात घासला जातो, पण हे काम होत नाही.

कुंपण

हिशोब पटला. मुलगी दोन वर्षांची आहे, तर दाण्याएवढीच लावून सुरू करतो. घरात सगळे एकाच प्रमाणात लावतील हे मात्र आता बघावं लागेल.

सांजवेळ

रात्रीच्या दुधावर कुणी बोललं नाही अजून. मी नव्या आयांना स्तनपानासाठी मदत करते. दातांच्या नावाखाली त्यांना सर्रास ‘रात्री अंगावर पाजणं बंद करा’ असं सांगतात, तेही सहा-सात महिन्यांच्या बाळासाठी. मला हे अजिबात पटत नाही. आईचं दूध आणि तोंडात रात्रभर ठेवलेली बाटली यांना एकाच मापाने मोजू नका.

मौक्तिक

@सांजवेळ, तुमच्याशी सहमत आहे. @जाईजुई, तुम्ही सात महिन्यांच्या लेकीचं रात्रीचं पाजणं दातांसाठी थांबवू नका. पहिल्या वर्षात आईच्या दुधाने कीड वाढत नाही, उलट बाटलीच्या तुलनेत फायदाच दिसतो.

वर्षानंतर थोडं बदलतं. तोवर दात बरेच आलेले असतात, दिवसभरात इतर खाणं सुरू झालेलं असतं, आणि तेव्हाही रात्रभर मनाला येईल तेव्हा पाजणं चालू असेल तर कीड लागायचा धोका वाढतो. याचा अर्थ पाजणं बंद करा असा नाही. झोपायच्या आधी दात घासलेले असावेत आणि तोंडात खाण्याचे कण नसावेत, आणि पाजण्याच्या वेळा हळूहळू मोजक्या व्हाव्यात, एवढंच.

बाटलीबद्दल मात्र मी कडक आहे. झोपेत लाळ जवळपास थांबते आणि गिळणंही कमी होतं, त्यामुळे बाटलीतलं दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. खालचे दात जीभ झाकते, त्यांना लाळही जास्त मिळते, म्हणून ते बहुधा वाचतात. वरचे चार किडलेले आणि खालचे चार पांढरेशुभ्र, असं तोंड दिसलं की बाटलीचा प्रश्न मी विचारायच्या आधीच उत्तर कळलेलं असतं. दुधाऐवजी ज्यूस असेल तर परिणाम आणखी वाईट. वर्षाच्या आतल्या बाळाला ज्यूसची गरजच नाही. चोखणी साखरेत किंवा मधात बुडवून देणं तर कधीच नको. वर्षाखालच्या बाळाला मधाने बॉट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

आता एक गोष्ट सगळ्यांनी करा, आठवड्यातून एकदा. बाळाला खिडकीपाशी घ्या, वरचा ओठ बोटाने पूर्ण वर उचला, दात कापडाने कोरडे करा आणि हिरडीला लागून असलेली कड बघा. निरोगी दात कडेपर्यंत चकाकतो. कीड सुरू होते तेव्हा तिथे खडूने ओढल्यासारखी निस्तेज पांढरी रेघ दिसते. ओल्या दातावर ती दिसत नाही, म्हणून कोरडं करायचं. या टप्प्यावर ब्रश, फ्लोराइड आणि रात्रीच्या सवयीत बदल एवढ्यावर काम भागतं. दवाखान्यात आम्ही फ्लोराइडचा व्हार्निश, म्हणजे दातावर चिकटणारा लेप, लावतो, त्याला सुई नाही, मशीन नाही. तीच रेघ पिवळी-तपकिरी होऊन नखाला खरखरीत लागायला लागली की मग दात आपला आपण सावरत नाही.

रातकिडा

बाटली सोडवताना आमच्या उपयोगी पडलेलं सांगतो. मुलगा वर्षाचा झाल्यावर क्रम बदलला: आधी दूध, मग ब्रश, मग गोष्ट, मग झोप. आधी दूध शेवटी असायचं आणि ते नाही म्हटलं की आकांत व्हायचा. मधे गोष्ट आल्यावर दुधावाचून झोपायला लागला. रात्री उठला तर पाणी, तेही कपातून. सुरुवातीच्या काही रात्री जड गेल्या, मग रुळला.

गोधडी

मी आजी आहे. नातवाचं सगळं माझ्याकडेच असतं, सून-मुलगा कामावर. अकरा महिन्यांचा झाला तरी एकही दात नाही. दुसरं म्हणजे, माझ्याच चमच्याने चाखून भरवते म्हणून सून हल्ली ओरडते. चमच्याने चाखलं तर काय होतं?

मौक्तिक

आजी, अकरा महिन्यांना दात नसणं अगदी चालतं. कुणाला चौथ्या महिन्यात पहिला दात येतो, कुणाला वर्ष उलटल्यावर. घरात आईला किंवा वडिलांना उशिरा आले असतील तर मुलालाही येतात. दीड वर्षापर्यंत एकही आला नाही तर मात्र दाखवा. आणि येताना हिरडीवर निळसर फुगा दिसला तर घाबरू नका, फोडूही नका. दात वर आला की तो आपोआप जातो. दुधाच्या दातांमधल्या फटींचीही काळजी नको, त्या असलेल्याच बऱ्या, नंतर येणारे कायमचे दात मोठे असतात.

चमच्याचं सूनबाईंचं बरोबर आहे. कीड लावणारे जंतू लाळेतून मोठ्यांकडून बाळाकडे जातात, आणि जितके लवकर जातील तितका कीड लागायचा धोका जास्त. चाखायला वेगळा चमचा ठेवा, खाली पडलेली चोखणी तोंडात घालून साफ करू नका. पण याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या स्वतःच्या तोंडात किडलेली दाढ असेल तर ती आधी बरी करून घ्या. त्याने नातवाचंही भलं होईल आणि तुमचंही.

गोधडी

दाढ आहे खरी. म्हणजे आता मुका पण घ्यायचा नाही का?

मौक्तिक

गालावरचा खुशाल घ्या आजी! दाढ मात्र याच महिन्यात दाखवा.

पाणकणीस

ब्रश करताना मुलगा तोंड घट्ट मिटतो, अंग ताठ करतो. दीड वर्षाचा आहे. युक्ती सांगा. आणि मागच्या आठवड्यात पडला तेव्हा पुढचा दात जरा हलला होता. आता घट्ट आहे पण राखाडी दिसतोय.

मौक्तिक

दोन माणसं गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसा. मूल एकाच्या मांडीवर त्याच्याकडे तोंड करून बसवा आणि हळूच मागे झुकवून डोकं दुसऱ्याच्या मांडीवर येऊ द्या. ज्याच्याकडे पाय आहेत त्याने हात धरायचे, ज्याच्या मांडीवर डोकं आहे त्याने घासायचं. वरून बघितल्यामुळे सगळे दात दिसतात. आम्ही तपासतो ते याच पद्धतीने. रडला तर रडू दे, तोंड उघडं मिळतं. वरच्या ओठाच्या आत मधोमध, ओठ हिरडीला जोडणारी जी पातळ पट्टी असते तिला ब्रश लागला की फार झोंबतं, पुष्कळ मुलं त्याच कारणाने तोंड मिटतात. तिथे एक बोट आडवं ठेवून घासा, फरक लगेच कळेल. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत घासणं मोठ्यांच्याच हातात राहू द्या.

राखाडी दात दाखवून घ्या. आत रक्त साकळल्याने रंग बदलतो. कधी तो परत उजळतो, कधी तसाच राहून वेळेवर पडतो, पण हिरडीवर पुळी आली किंवा सूज आली तर ताबडतोब जा. आणि एक लक्षात असू द्या: दुधाचा दात मुळासकट निघाला तर तो पुन्हा खोबणीत बसवायचा नाही, खालच्या दाताला इजा होते. निघालेला दात सापडला पाहिजे, सोबत घेऊन जा. सापडला नाही तर तो छातीत गेला का हे बघावं लागतं. कायमचा दात निखळला तर नियम उलटा, तो लगेच बसवायचा किंवा दुधात ठेवून तासाभराच्या आत दवाखाना गाठायचा.

जाईजुई

सगळ्यांचे मनापासून आभार. जेल आणलीच नाही. गार कापड तिला फार आवडलं, स्वतः धरून चावत बसते. पुरळ ओसरतंय. पहिला दात आता पूर्ण दिसतोय, ब्रश सुरू केला.

एक शेवटचं. तिला लोहाचे थेंब चालू आहेत. दातावर काळसर छटा वाटतेय. थेंबांमुळे का? बंद करू?

मौक्तिक

थेंब बंद करू नका, ते लिहून दिलेत म्हणजे तिला गरज आहे. लोहाचा डाग दाताच्या पृष्ठभागावरच असतो, कीड नसते, आणि आम्ही तो पॉलिश करून सहज काढतो. थेंब ड्रॉपरने जिभेच्या मागच्या बाजूला, गालाकडून सोडा, दातांवर पडू देऊ नका. नंतर ओल्या कापडाने दात पुसा. पुसूनही काळेपणा जात नसेल आणि बोटाला खड्डा लागत असेल तर मात्र तो डाग थेंबांचा समजू नका, दाखवून घ्या.